बर्फ राखाडी, माणसं काळी: कडक उन्हातल्या व्हिडिओचा परत परत येणारा घोळ

हा घोळ माझ्या वाट्याला तीनदा आला. दोनदा हिमाचलात बर्फावर आणि एकदा घरापासून वीस मिनिटांवर, तारकर्लीच्या वाळूत. तिन्ही वेळा मला वाटलं कॅमेरा गेला, एकदा तर लेन्स साफ करायला दुकानात टाकून पैसेपण घालवले, आणि कॅमेऱ्याला काही झालेलंच नव्हतं, जे होत होतं ते माझ्याच हाताने. म्हणून सगळं लिहून काढतोय, लग्नाची शूटिंग करणाऱ्या पोरांना आणि टूरबरोबर हँडीकॅम घेऊन जाणाऱ्या काकामंडळींना, दोघांनाही उपयोगी पडेल. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आधी काय झालं ते सांगतो. आमच्या वाडीतली एकोणीस माणसं जानेवारीत मनालीला निघाली, मला म्हणाले तू पण चल, तिकीट आमचं, व्हिडिओ तुझा. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस, निजामुद्दीनला उतरायचं, पुढे बस. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी बर्फ बघितलेला तो फक्त जेटीवरचा, मासळीच्या क्रेटमध्ये फावड्याने घालतात तो. अटल टनेल ९.०२ किलोमीटरचा आहे, त्याच्या त्या कोंदट उजेडातून बस पलीकडे लाहौलमध्ये बाहेर पडली आणि एकदम सगळं पांढरं, डोळेच उघडेनात. सिस्सूला उतरलो, तीन हजार मीटरची उंची, आकाशात ढगाचा ठिपका नाही, मी कॅमेरा फुल ऑटोवर टाकला आणि तासभर दाबून शूट केलं. स्क्रीनवर काय चाललंय ते दिसतच नव्हतं खरं तर, पण ऑटो आहे ना, मग काळजी कसली.

घरी येऊन पडवीत टीव्हीला लावलं, सगळी वाडी जमलेली. पहिलाच शॉट आला आणि काकी म्हणाली, "ह्या काय रे, बर्फ की चुलीतली राख?" आणि पुढच्या शॉटला, "आणि ह्यो काळो कोण?" तो काळा म्हणजे काका, तिचाच नवरा, लाल जॅकेट घालून उभा. जॅकेट पण विटकरी आलेलं.

पुढच्या वर्षी दुसरा ग्रुप घेऊन गेलो तेव्हा मी शहाणा झालो होतो, म्हणजे मला वाटलं झालो होतो. चेहरे काळे येतात ना, मग मॅन्युअलवर टाकून आयरिस (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) उघडली, चेहरे झकास. पण बर्फ असा जळला की मागे कोणीतरी पांढरी चादर टांगल्यासारखी, डोंगराची कड कुठे संपते आणि ढग कुठे सुरू होतो ते कळेना, आणि एका बाईंची पांढरी शाल तर त्यात विरघळूनच गेली, नुसतं डोकं आणि हात तरंगतायत. वर त्या शूटमध्ये शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) सेकंदाच्या १/२००० वर राहिलेलं, त्यामुळे पोरं बर्फाचे गोळे मारतायत ते सगळं तुटक तुटक, जुन्या मूकपटासारखं. एकाच वेळी दोन चुका होत्या आणि मी दोन्ही मिळून एकच समजत होतो. पुढे जे लिहिलंय त्यातली अर्धी गोष्ट ह्या दोन चुका वेगळ्या करण्याचीच आहे.

तिसरा प्रसंग तारकर्लीचा. मे महिना, प्री-वेडिंग, मुलगी ऑफव्हाइट गाऊनमध्ये, मुलगा पांढऱ्या शर्टात, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला, वेळ दुपारचाच होता. ऑटोमध्ये वाळू मळकट, मुलाचा चेहरा काळा. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की अरे हे तर सिस्सूचंच दुखणं, बर्फाचा काही संबंधच नाही.

आता मूळ कारण. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे आतल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला, बर्फ म्हणजे काय, वाळू म्हणजे काय, चेहरा कुठला, हे मुळात कळत नाही. समोरून किती उजेड येतोय एवढंच तो मोजतो आणि ती सरासरी मधल्या राखाडीवर नेऊन बसवतो, १८ टक्के उजेड परत फेकणारी जी राखाडी धरतात ती. आपल्या नेहमीच्या शूटमध्ये झाडं, चिरे, माती, साड्या, मांडव ह्या सगळ्याची सरासरी साधारण तिथेच येते म्हणून ऑटो वर्षानुवर्षं बरोबर वाटतं. ताजा बर्फ मात्र त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ८० ते ९० टक्के परत फेकतो. ९० ला १८ ने भागा, पाच. म्हणजे बर्फ मधल्या राखाडीपेक्षा पाचपट उजळ, स्टॉपमध्ये बोलायचं तर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सव्वादोनच्या जरा वर. फ्रेममध्ये चारातले तीन हिस्से बर्फ असला की मीटर म्हणतो बापरे केवढा उजेड, आणि दोन स्टॉप खाली ओढतो, बर्फ बरोबर राखाडीवर येतो आणि त्याच्याबरोबर काका पण दोन स्टॉप खाली जातात. काका आधीच सावळे.

कोरडी वाळू एवढी चमकत नाही, तिथे चूक पाऊण-एक स्टॉपची होते, पण मागे दुपारचा समुद्र चकाकत असला की ती दीडवर जाते. ओली वाळू परत काळपट, त्यामुळे लाट येऊन गेली की ऑटोमध्ये एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घेतलेला उजेड, वरखाली होत राहतं. तो पंपिंगचा प्रकार तुम्ही बघितला असेल, लाटेचा पांढरा फेस आला की चेहरा काळवंडतो, ओसरून ओली वाळू उघडी पडली की उजळतो. त्याचं कारण हेच.

आणि गंमत ऐका. माळ्यावर एक जुना मिनी डीव्ही टेपचा सोनीचा हँडीकॅम पडलाय, त्याच्या प्रोग्राम एई (तयार एक्स्पोजर मोडच्या) मेनूत एक मोड आहे, नाव 'बीच अँड स्की'. समुद्रकिनारा आणि बर्फाचा उतार, दोघांना एकच मोड, कारण दोघांचं दुखणं एकच, चेहरे काळे पडणं. म्हणजे कंपनीने तेव्हाच तारकर्ली आणि मनालीजवळचं सोलांग एका बटणावर बसवून ठेवलेलं आणि आम्ही किनाऱ्यावर जन्मलेली माणसं, ते बटण कधी दाबलंच नाही, स्की म्हणजे आपलं काही नाही म्हणून पुढे गेलो. तुमच्याकडे साधा हँडीकॅम असेल तर सीन सिलेक्शनमध्ये बीच किंवा स्नो असं काहीतरी सापडेल, बाकी काही वाचायचा कंटाळा असेल तर निदान तेवढं लावा, निम्मं काम होतं.

उरलेल्या निम्म्या कामासाठी मॅन्युअलला यावं लागतं, आणि मॅन्युअलमध्ये गोष्टी कुठल्या क्रमाने करायच्या ह्याला फार महत्त्व आहे. माझी चूक क्रमाचीच होती. मी आधी आयरिस फिरवायचो, मग पुरेना म्हणून शटर, आणि मग जे येईल ते.

पहिलं शटर ठरवून तिथेच गाडून टाका. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०, ५० फ्रेमला १/१००, संपलं, उजेड कितीही असो त्याला हात लावायचा नाही. १/२००० ला प्रत्येक फ्रेम एकदम खणखणीत गोठते, दोन फ्रेमच्या मधली हालचालीची पुसट रेघ जाते आणि डोळ्याला झटके बसतात. बर्फाचा गोळा, उडणारा पदर, माशांची जाळी फेकणारा हात, कशावरही बघा. खेळाचं स्लो मोशन करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं गेन किंवा आयएसओ (आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो ते) सगळ्यात खाली. आता इथे लॉगवाल्यांनी कान टवकारा. लॉग प्रोफाइल (नंतर एडिटिंगमध्ये रंग चढवायचं फिकट चित्र) लावली की बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ ८०० च्या खाली जातच नाही, म्हणजे १०० च्या तुलनेत तीन स्टॉप उजेड तुम्ही स्वतःहून जास्तीचा घेतला. भर उन्हात बर्फावर लॉग लावून 'कॅमेरा ओव्हर जातोय' म्हणणारे मी दोन बघितलेत, त्यातला एक मीच.

तिसरं, आयरिस एफ ४ ते ५.६ च्या आसपास ठेवा, फार तर ८, एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक. इथे लोक म्हणतात बंद करत न्या ना, एफ १६, एफ २२, उजेड आपोआप कमी. होतो कमी, पण चित्र मऊ पडतं. भोक बारीक झालं की उजेड कडेला पसरतो, डिफ्रॅक्शन म्हणतात त्याला, आणि सेन्सर जितका छोटा तितकं ते लवकर दिसतं. एक इंची सेन्सरवर ११ ला मला ते उघड्या डोळ्यांनी दिसलं. मी लेन्स साफ करायला टाकली होती ना, ती ह्याच मऊपणासाठी! शिवाय भोक बारीक झाल्यावर लेन्सवरचा प्रत्येक खाऱ्या पाण्याचा शिंतोडा फ्रेममध्ये ठिपका होऊन दिसायला लागतो.

मग उजेड कमी कशाने करायचा? एनडी फिल्टर. लेन्ससमोरचा काळा गॉगल, दुसरं काही नाही. किती एनडी लागेल त्याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा, मग दुकानदार काहीही गळ्यात मारू शकत नाही. भर उन्हाचा जुना नियम असा की आयएसओ १०० आणि शटर १/१०० असेल तर एफ १६. बर्फावर किंवा चकाकत्या वाळूवर एक स्टॉप जास्त, म्हणजे एफ २२. आपलं शटर १/५०, म्हणजे अजून एक स्टॉप, एफ ३२. आपल्याला हवंय ५.६. ३२, २२, १६, ११, ८, ५.६, मोजा, पाच पायऱ्या. पाच स्टॉप म्हणजे एनडी ३२, आणि तो नसेल तर एनडी ६४ लावा, सहा स्टॉप, आयरिस एक पायरी उघडा, ४ वर आलात. लॉगमध्ये आयएसओ ८०० असेल तर पाचात अजून तीन, आठ स्टॉप, एनडी २५६. दुकानात कोणी एनडी ८ देऊन 'ह्याच्यावर भागेल' म्हणाला तर तो तीनच स्टॉपचा आहे हे लक्षात ठेवा, संध्याकाळी पाचनंतर भागेल, दुपारी नाही. मोठ्या कॅमकॉर्डरमध्ये एनडी आतच असतो, बाजूच्या बटणावर १/४, १/१६, १/६४ लिहिलेलं, म्हणजे अनुक्रमे दोन, चार, सहा स्टॉप. माझ्या कॅमेऱ्यावर ते बटण पहिल्या दिवसापासून होतं. मी लग्नाच्या हॉलमध्ये ते चुकून लागलं की शिव्या घालायचो एवढाच त्याचा आणि माझा संबंध.

फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा आहे, मीही वापरतो, पण तो म्हणजे एकमेकांवर ठेवलेले दोन पोलरायझर (एकाच दिशेचा उजेड आत सोडणाऱ्या काचा), त्यामुळे शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की फ्रेममध्ये काळी फुली येते आणि वाइड लेन्सवर निळं आकाश एका बाजूला गडद, एका बाजूला फिकट दिसतं. स्वस्तातल्यावर सगळं हिरवट-पिवळट येतं ते वेगळंच. बर्फ आणि आकाश दोनच गोष्टी फ्रेममध्ये असताना हा दोष लपायला जागाच नसते, तिथे साधा ठरावीक एनडी बरा.

आता एक्स्पोजर बरोबर बसलं की नाही ते कशावरून ओळखायचं. स्क्रीनवरून नाही, उन्हात स्क्रीन खोटं बोलते, ब्राइटनेस फुल केला तर अजूनच खोटं बोलते. झेब्रा लावा. त्या तिरक्या रेघा म्हणजे इथे उजेड अमुक टक्क्याला पोचला अशी खूण. मी ९५ वर ठेवतो आणि आयरिस अशी लावतो की उन्हातल्या बर्फाच्या सगळ्यात चमकणाऱ्या जागांवर रेघा जेमतेम यायला लागतील, सगळ्या उतारावर नाही. बर्फ ९० च्या घरात बसला म्हणजे तो पांढरा दिसतो आणि त्याच्यातले पायाचे ठसे, वाऱ्याच्या रेघा शाबूत राहतात. चेहरा गोरा असेल तर साधारण ७०, सावळा असेल तर ५० ते ६०, ह्याच्यात आला की सोडून द्या. सूर्य त्या माणसाच्या तोंडावर असेल तर दोन्ही एकत्र सहज बसतात, कारण बर्फ म्हणजे शूटिंगला उजेड परतवायला धरतात तसा, खालून लावलेला मैलभर लांबीचा थर्माकोल, हनुवटीखालच्या सावल्या आपोआप भरतात. सूर्य त्याच्या पाठीमागे असेल तर बसत नाहीत, मग एकाची बाजू घ्यावी लागते. पार्टीचं काम असेल तर मी चेहऱ्याची घेतो, बर्फाने पैसे दिलेले नसतात.

ऑटो सोडायचंच नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणजे ते प्लस-मायनसचं चाक. फ्रेमभर बर्फ असला तर प्लस दीड ते दोन, अर्धा बर्फ अर्धे देवदार असले तर प्लस एक, वाळूला प्लस पाऊण. उजेड जास्त आहे म्हणून मायनस करायचं असं सगळ्यांच्या मनात येतं, माझ्याही आलं होतं, आणि ते बरोबर उलटं आहे. ढगाळ दिवशीसुद्धा हे प्लस लागतंच, कारण प्रश्न उन्हाचा नाहीच, फ्रेममध्ये पांढरं किती आहे त्याचा आहे.

आता ह्याची प्रॅक्टिस कुठे करणार, दर वेळी काय मनाली गाठणार? माझा उपाय सांगतो, शिरोड्याची मिठागरं. वेंगुर्ल्याच्या खाली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातलं जे शिरोडा तेच. उन्हाळ्यात तिथे बांधावर मिठाचे ढीग लागतात, ताज्या ढिगाचा रंग अगदी बर्फासारखा आणि कडेला तशीच बारीक चमक. एप्रिलमध्ये चुलतभावाला घेऊन गेलो, तो कुरकुरतच आला, पांढरा बनियन आणि आकाशी लुंगी अशा अवतारात, मी म्हटलं हाच वेश पाहिजे. ढिगापुढे उभा केला. फुल ऑटोला मीठ सिमेंटच्या पोत्यासारखं आणि भाऊ कोळशासारखा. प्लस एकला मीठ मळकट पांढरं. प्लस दोनला मीठ मीठ झालं, भावाचा चेहरा आला, बनियनची शिवण दिसायला लागली. प्लस तीनला बनियन आणि ढीग एकजीव, खांद्याची कडच गायब, तीच ती शाल! चार क्लिप, प्रत्येकी दहा सेकंद, दोन वर्षांत जे कळलं नाही ते एका मिनिटात कळलं. तिथल्या आगरातल्या एका आजोबांनी विचारलं, "मिठाचो फोटो कित्याक काढतास?" म्हटलं बर्फ म्हणून. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

स्क्रीन दिसत नाही ह्याच्यावर सगळ्यात भारी उपाय आपल्या घरात दाराआड टांगलेला असतो, काळी छत्री. रंगीत नको, आतून रुपेरी तर अजिबात नको, साधी जुनी काळी. एकाने मागून धरायची, डोकं आणि स्क्रीन आत. पाचशे-हजाराच्या स्क्रीन हूडपेक्षा चांगली चालते. तिसऱ्या खेपेला मनालीला नेली तेव्हा सगळ्यांनी हसून घेतलं, जानेवारीत छत्री कोणासाठी म्हणून. व्ह्यूफाइंडर असेल तर सरळ तो वापरा, प्रश्नच मिटला. अजून एक, गॉगल पोलराइज्ड असेल तर स्क्रीन एका कोनात काळी ठिक्कर दिसते, मला वाटलं डिस्प्ले गेला, पाच मिनिटं घाम फुटला त्या थंडीत. गॉगल मात्र काढून फिरू नका, ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, कोरडी वाळू साधारण १५ टक्के, म्हणजे वाळूची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना बर्फाचा अंदाजच नसतो. आमच्यातल्या एकाचे डोळे रात्री असे चुरचुरायला लागले की वाळू गेल्यासारखं, दिवसभर गॉगल डोक्यावर ठेवून फिरत होता.

व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्यावर, जास्त बोलत नाही. ऑटो काढा, उन्हात ५६०० केल्विन ठेवा, विषय संपला. घोळ सावलीत होतो. बर्फातली सावली खरंच निळी असते, वरून निळं आकाशच तिला उजेड देतं, आणि हौशी माणसं सावलीतल्या बर्फावर व्हाइट बॅलन्स मारून घेतात आणि मग उन्हात आल्यावर सगळे कावीळ झाल्यासारखे पिवळे. माणूस ज्या उजेडात उभा आहे त्याच उजेडात ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून घ्या. थोडी निळी सावली राहू द्या, थंडी त्यानेच दिसते.

फोकसचं असं की ऑटोफोकसला पकडायला काहीतरी कड लागते, आणि कोऱ्या बर्फात कडच नसते, त्यामुळे तो पुढेमागे शोधत बसतो. बर्फ पडत असेल तर जवळून जाणारा प्रत्येक कण पकडायला धावतो. मॅन्युअल करा, पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावा, जॅकेटच्या चेनवर किंवा टोपीच्या विणीवर फोकस घ्या. धुकट सकाळी मालवणच्या बंदरात होड्यांवर पण हाच त्रास येतो, तिथे होडीवरचं नाव कामाला येतं.

लेन्सवर वाफ धरण्याबद्दल मात्र सांगायला पाहिजे, कारण इथे आपला अनुभव उलटा उपयोगी पडतो. आपल्याकडे मे महिन्यात एसी गाडीतून कॅमेरा काढला की बाहेरच्या दमट हवेत लेन्स लगेच पांढरी होते, हे प्रत्येकाला माहीत आहे. थंड काच, ओली गरम हवा. बर्फाच्या प्रदेशात बाहेर काही होत नाही, सगळं आत आल्यावर होतं. दिवसभर गारठलेला कॅमेरा घेऊन तुम्ही हॉटेलच्या खोलीत येता, हीटर चालू, वर चहाची किटली, दहा माणसांचे श्वास, आणि कॅमेऱ्याला आतूनबाहेरून पाणी सुटतं. आत सुटलं तर ते पुसता येत नाही. म्हणून बाहेर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत घालून तोंड बंद करायचं, मग आत न्यायचा, आणि तास-दोन तास पिशवी उघडायची नाही, पाणी पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. कार्ड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर क्लिप बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते. माझ्याकडून उघडली गेली होती.

बॅटरी थंडीत लवकर बसते, ४० टक्के दाखवत असताना बंद पडते. मेलेली नसते, गारठलेली असते, आतल्या खिशात अंगाला लावून ठेवली की परत थोडी चालते. दोन आलटून पालटून वापरा. लग्नाला जेवढ्या नेता त्याच्या दुप्पट न्या.

ट्रायपॉडचे पाय वाळूत रुततात तसे बर्फात पण रुततात. किनाऱ्यावर मी नारळाच्या तीन करवंट्या पायाखाली ठेवतो, एकेका पायाला एक, हललेला नाही कधी. त्याच करवंट्या मनालीला नेल्या, दाबलेल्या बर्फावर मस्त चालल्या. दिल्लीत मेट्रोच्या तपासणीत त्यांचा खुलासा करताना माझं हिंदी कमी पडलं. भुसभुशीत खोल बर्फात मात्र उपयोग नाही, तिथे पाय आधी खाली दाबून घ्यायचे आणि मग हळूहळू फाकवायचे, फाकवून वरून दाबलं तर सांध्यावर जोर येऊन पाय मोडतो.

मोबाइलवाल्यांसाठी दोन ओळी. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक होतं, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह वर ओढा, बर्फ पांढरा होईपर्यंत, जळेपर्यंत नाही. बहुतेक मोबाइलना आयरिस बदलता येत नाही, त्यामुळे ते जास्तीचा उजेड शटरनेच कापतात, ते झटके टाळायचे तर क्लिपवाला एनडी लावायला लागतो.

आणि वेळ. दुपार टाळता आली तर टाळा. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणला साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, काठीची सावली काठीच्या पायात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. जानेवारीत मनालीला सूर्य दुपारीसुद्धा बराच खाली असतो, तिथे हा त्रास नाही, पण सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तर बर्फ सपाट कागदासारखा दिसतो. ऊन बाजूने पाहिजे, सकाळी किंवा चारनंतर, तेव्हा प्रत्येक ठशाला आणि प्रत्येक उंचवट्याला सावली असते.

आता ज्यांचं शूट होऊन गेलंय आणि पार्टी दारात बसलीय त्यांच्यासाठी. राखाडी आलेलं बऱ्यापैकी वाचतं. एडिटिंगमध्ये शॅडो किंवा लिफ्ट उचलू नका, त्याने सगळ्यावर धुकं येतं. एडिटिंगमधला गेन किंवा हायलाइट, म्हणजे उजळ भाग, वर घ्या, वेव्हफॉर्म (उजेडाच्या टक्क्यांचा आलेख) बघत बर्फ ९० पर्यंत आणा, मग मिडटोनने चेहरा. ८ बिट (रंगाच्या पायऱ्या कमी असलेलं) फुटेज दीड-दोन स्टॉप उचललं की सावल्यांत दाणे दिसतात, आकाशात पट्टे पडतात, तेवढं सहन करायचं. काकीच्या पहिल्या ट्रिपची क्लिप मी अशीच काढली, काका ओळखू यायला लागले. दुसऱ्या ट्रिपचं काही करता आलं नाही. ती शाल जिथे होती तिथे प्रत्येक पिक्सलमध्ये २५५ हा एकच आकडा आहे, लाल हिरवा निळा तिन्हीत, खाली ओढला की पांढऱ्याचं नुसतं राखाडी होतं, शाल काही परत येत नाही. त्या बाईंना मी सोलांगचा दुसरा शॉट दिला, ढगाळ वेळचा, मरून स्वेटरमधला.